मागाहून थांबणारं गिरमिट

१

ग्रेनवीक गावात तळ्याच्या बर्फाला भोक पाडायच्या बॅटरीच्या गिरमिटाची सगळ्यांत जास्त टिंगल कुणी केली असेल, तर ती लारुसने. स्टीनाच्या कॉफीच्या दुकानात खिडकीजवळचं टेबल त्याचं ठरलेलं. दातांत साखरेचा खडा धरायचा, त्यावरून काळी कॉफी ओढायची, आणि मेव्हण्याची, बेग्गीची, गाडी दारात थांबली की आवाज चढवायचा. "आले बघा! मिक्सर घेऊन तळ्यावर निघालेत. अरे, खाली चार फूट बर्फ आहे, केकचं पीठ नाही!"

बेग्गीही काही कमी नव्हता. "दाजी, तुमच्या पेट्रोलच्या मशीनने मासे बहिरे झालेत. तुमच्या जाळ्यात येतात ते बिचारे रस्ता चुकून."

असे किती हिवाळे गेले. आणि या जानेवारीत लारुसचा उजवा खांदा गेला. पेट्रोलचं अवजड मशीन घसरगाडीवरून उचलताना आतून काहीतरी असं सरकलं की तो तिथेच बर्फावर गुडघ्यांवर बसला. घरी आल्यावर बायकोला म्हणाला, "यंदा बर्फच वाईट आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं," लाउगा म्हणाली, आणि तिने भावाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी बेग्गी एक नवंकोरं बॅटरीचं गिरमिट ओसरीत ठेवून गेला. वर हसून म्हणाला, "मी कुणाला सांगत नाही, दाजी. झाकली मूठ."

लारुसने दोन दिवस त्या वस्तूकडे पाहिलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी ताडपत्रीखाली लपवून नेलं, तेही स्टीनाच्या दुकानासमोरून नाही, मागच्या गल्लीतून. साठी ओलांडलेला माणूस, आणि शाळा बुडवणाऱ्या पोरासारखा मान खाली घालून चाललेला. त्याची त्यालाच लाज वाटली.

२

त्याची जागा कावळ्या खडकापलीकडे होती. आधी त्याच्या बापाची, आता त्याची. तळ्यावर कुणाची कुठली जागा हे कागदावर कुठे लिहिलेलं नसतं, पण कुणी कुणाच्या जागेत जाळं सोडत नाही. सोडलं तर स्टीनाकडे त्याला कॉफी मिळते, पण शेजारी कुणी बसत नाही.

काम तेच, जन्मभराचं. बर्फाला दोन भोकं, मध्ये लांब अंतर, आणि बर्फाखाली एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत टांगलेलं जाळं. पहिल्यांदा दोर पलीकडे न्यायचा तो फळीने. लांबट लाकडी फळी, तिला लोखंडी पाय. भोकातून आत सोडायची आणि दोर ओढत राहायचं, की ती बर्फाला खालून चिकटून टक्‌ टक्‌ करत पुढे रांगत जाते. एकजण ओढतो आणि दुसरा वरून तिचा आवाज ऐकत चालतो. जिथे ती थांबते, तिथे तो टाच मारतो आणि तिथे भोक पाडायचं. लारुसच्या टाचेखाली फळी सापडली नाही असं कधी झालं नव्हतं. लारुसचा कान गावात वाखाणलेला होता, आणि त्यालाही ते पुरेपूर माहीत होतं.

त्या दिवशी जाळं आधीपासून पाण्यात होतं, भोकांवर फक्त नवा बर्फ धरला होता. कोटाच्या आत छातीशी गरम ठेवलेली बॅटरी त्याने काढली, बसवली, कळ दाबली. गुणगुणल्यासारखा आवाज आला. पातं लोण्यात शिरल्यासारखं उतरलं, पांढरा चुरा भोकाभोवती वर आला, मागून पाणी आलं. खांद्याला धक्का नाही, काही नाही.

"च्यायला," लारुस स्वतःशी म्हणाला. बेग्गी इतकी वर्षं बरोबर होता.

त्याने कळ सोडली. पातं थांबलं. आवाजही थांबला, पण क्षणभर मागाहून.

नव्या मशीनची खोड असेल, असं म्हणून तो दुसऱ्या भोकाकडे गेला. तिथेही तेच. पातं डोळ्यांसमोर स्थिर उभं, त्यावरून पाणी ठिबकतंय, आणि गुणगुण अजून चालू. मग थांबली. कुणीतरी मागोमाग कळ सोडावी तशी.

३

घरी येऊन त्याने शेडमध्ये मशीन चालवून पाहिलं. कळ सोडली की आवाज तिथल्या तिथे बंद. किनाऱ्याजवळच्या बर्फात भोक पाडून पाहिलं. तिथेही तिथल्या तिथे बंद. मग खडकाचा प्रतिध्वनी असेल. पण प्रतिध्वनी समोरून येतो, बुटांच्या तळव्यांतून येत नाही. आणि खडक तर तिथे बापाच्या वेळेपासून आहे.

मग त्याला जे सुचलं, ते सुचायला नको होतं. बापाच्या वेळेला लोखंडी पहार होती, तिचे घाव खणखणायचे. त्यानंतर त्याचं पेट्रोलचं मशीन, कानांत दडे बसवणारं. त्या जागेवर माणसाने गोंगाट न करता भोक पाडलं ते या जानेवारीत पहिल्यांदा. म्हणजे हा दुसरा आवाज नवा आहे, की एवढी वर्षं आपल्याच गोंगाटात बुडालेला होता?

"मनी वसे ते स्वप्नी दिसे," असं स्वतःला बजावून तो पुढच्या खेपेला गेला. भर दुपार होती, ऊन लखलखीत. कळ दाबायला बोट टेकवलं, अजून दाबलं नव्हतं, तोच गुणगुण सुरू झाली.

बोट तसंच ठेवून तो उभा राहिला. खालचा आवाज थोडा वेळ चालला आणि थांबला. त्याची वाट पाहिल्यासारखा.

मासे न काढताच तो माघारी वळला. आणि वळताना त्याला ते भोक दिसलं. त्याच्या जाळ्याच्या रेषेतच, पण बरंच पुढे, जिथे त्याने कधी गिरमिट लावलं नव्हतं. गोल, त्याच्याच पात्याच्या मापाचं. आधी वाटलं कुणीतरी जागेत घुसलं, आणि खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. चोर असेल तर त्याला बडवता येतं. पण जवळ जाऊन पाहिलं तर बर्फगाडीचा माग नाही, पावलं नाहीत. आजूबाजूचं भुसभुशीत हिम जसंच्या तसं, आणि भोकाभोवती चुरा नाही. चार फूट बर्फ कोरला की टोपलीभर चुरा वर येतो, तो जाईल कुठे?

लारुस वाकला. वरून पाडलेल्या भोकाची वरची कड सुरीने कापल्यासारखी असते, खालची तुटकी, कारण शेवटचा पापुद्रा पातं ढकलून फोडतं. या भोकाची वरची कड तुटकी होती.

पुढच्या खेपेला असं आणखी एक भोक होतं. त्याच रेषेत, जाळ्याच्या अजून जवळ.

४

कुणाला सांगायचं? गावात ही गोष्ट ऐकून न हसणारा एकच माणूस होता आणि नेमकं त्यालाच सांगण्याची सोय लारुसने स्वतःच्या हाताने संपवून ठेवली होती.

बेग्गी विशीत असताना लारुसच्या हाताखाली शिकायला यायचा. एकदा त्याच कावळ्या खडकापाशी त्याला फळीचा आवाज ऐकायला उभा केला होता. लारुसने दोर ओढायचा थांबवला आणि बेग्गी ओरडत पळत आला. "दाजी, फळी थांबली तरी टक्‌टक्‌ चालूच आहे!" पोराचे ओठ पांढरे पडले होते. लारुसच्या कानात तेव्हा मशीनचे दडे होते, त्याला काही ऐकू आलं नव्हतं. तो पोट धरून हसला. त्या रात्री गावात एक लग्न होतं, तिथे त्याने सगळ्या मांडवापुढे बेग्गीच्या पळण्याची नक्कल केली. "ससा" हे नाव तेव्हापासून पडलं. बेग्गीच्या स्वतःच्या लग्नात करवल्यांनी त्याच्या टोपीला लोकरीचे दोन कान शिवले होते, तेही लारुसच्या सांगण्यावरून.

आता त्याच बेग्गीकडे जाऊन म्हणायचं, की बाबा, तुझं खरं होतं? लारुस दोनदा त्याच्या दारापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा खांद्याचं मलम मागून परत आला.

शेवटी त्याने जे केलं ते असं. स्टीनाच्या दुकानात, सगळ्यांच्या देखत, तो म्हणाला, "बेग्गी, माझा खांदा काही खरा नाही. या वर्षी कावळ्या खडकाची जागा तू घे. जाळं आहेच, तू फक्त काढत जा."

सगळे वळून बघायला लागले. बापाची जागा कुणी अशी देतं का? स्टीना काउंटरमागून बाहेर आली आणि न विचारता लारुसपुढे सुकवलेल्या आलुबुखारांच्या थरांचा केक ठेवून गेली.

बेग्गीच्या डोळ्यांत पाणी आलं. "दाजी, खरं सांगू? त्या जागेची मला फार भीती होती. तुम्ही हसलात म्हणून गेली. नाहीतर मी तळ्यावर परत पाय ठेवला नसता. हसून हसून माणूस केलंत मला."

लारुसच्या तोंडात केकचा घास फिरत राहिला. तो एवढंच म्हणाला, "माझं पेट्रोलचं मशीन घेऊन जा तिकडे. तिथे बर्फ कडक आहे."

"ते धूड?" बेग्गी हसला. "राहू दे, माझा मिक्सर बरा."

एवढ्यावर त्याला थांबवायला हवं होतं. पण सगळेजण लारुसची पाठ थोपटत होते, आणि ज्या खांद्यावर थोपटत होते तोच दुखत होता. तो हसत राहिला.

५

पहिल्या दिवशी बेग्गी गेला तेव्हा लारुस दिवसभर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून होता. लाउगाने गरम पाण्याची पिशवी आणून दिली, सूप आणून दिलं. "एवढं दुखतंय?" तिने विचारलं. "फार," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं.

दुपार कलल्यावर बेग्गीची बर्फगाडी ऐकू आली आणि त्याने इतका मोठा सुस्कारा सोडला की लाउगा चमकली. तो उठला, तोंड धुतलं, स्टीनाकडे गेला.

बेग्गी तिथे टेबलावर चढायचाच बाकी होता. "आले! आले बघा महाराज! या दाजी, या. अहो, एवढा दुखरा खांदा घेऊन खडकामागे लपून बसायचं म्हणजे कमाल आहे तुमची!"

लारुस दारातच थांबला.

"ऐका रे सगळे," बेग्गी म्हणाला. "मी कळ सोडतोय, गिरमिट थांबतंय आणि आवाज चालूच! मला कळेना. मग डोक्यात उजेड पडला. हे बसलेत खडकामागे दुसरं गिरमिट घेऊन. मी भोकातला चुरा हाताने काढतोय, तर खालून हातमोजा खेचला. गेला! फळीला फास बांधून दोर सोडला असणार यांनी, तिकडून ओढत बसले. तीस वर्षांपूर्वीचा सशाचा खेळ परत!"

दुकान हसून लोटपोट झालं. "कसं जमवलंस रे?" स्टीनाने विचारलं. "या वयात फळी तिथवर नेलीस?"

सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वळली. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी दिवसभर घरी होतो. पण ते म्हणताच पुढचा प्रश्न आला असता, मग तुला हे आधी ठाऊक होतं का? आणि ठाऊक असताना तू जागा दिलीस?

लारुसने साखरेचा खडा दातांत धरला. "जमतं," तो म्हणाला.

हसण्याचा आणखी एक लोट उठला. लारुसने बेग्गीच्या उजव्या हाताकडे पाहिलं नाही, पाहायचं नाही असं ठरवूनच. तरी दिसलं. मनगटाभोवती लालसर वळ होता. दोराच्या फासाचा वळ सलग असतो, हा तुटक तुटक होता.

६

बाहेर गाडीपाशी बेग्गीने त्याला गाठलं. इथे तो हसत नव्हता.

"दाजी." त्याचा आवाज उतरला होता. "आता कुणी ऐकत नाहीये. खरं सांगा. तुम्हीच होतात ना?"

पन्नाशीचा माणूस, दाढी पांढरी झालेली, आणि डोळे त्या विशीतल्या पोराचे. लारुसला ते डोळे ओळखू आले. त्या दिवशी बर्फावरून पळत आला होता तेव्हाही त्याने असंच पाहिलं होतं, कुणीतरी आपल्यावर विश्वास ठेवावा म्हणून.

आता सांग, लारुस मनात म्हणाला. आता सांग, लेका. नाक कापलं जाईल तर जाऊ दे.

"मग दुसरं कोण असणार, सशा?" त्याचं तोंड म्हणालं.

बेग्गीचे आखडलेले खांदे सैल पडले. तो हसला, मनापासून हसला. "वाटलंच मला. पण आता उद्या बघा. मीही तयार असणार. फास आला की तो धरून असा ओढतो की तुम्हीच खडकामागून फरफटत याल!"

"उद्या जाऊ नकोस," लारुस पुटपुटला. "वारं आहे."

"घाबरलात ना?" बेग्गीने डोळा मारला आणि गाडीत बसला.

७

सकाळी लारुस उठला तेव्हा बेग्गी केव्हाच गेला होता. स्वयंपाकघरात लाउगा फोन ठेवत होती. तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं.

"स्टीना होती," ती म्हणाली. "म्हणते, तू काल दिवसभर खडकामागे लपून बेग्गीची मस्करी केलीस. काल तर तू पलंगावर होतास. मी तुला सूप दिलं."

लारुसने खुंटीवरचा कोट काढला.

"माझ्या भावाशी खोटं का बोललास? आणि तू नव्हतास, तर तिथे कोण होतं?"

त्याने कोट घातला. दुखऱ्या हाताने बूट चढत नव्हते, तर लाउगाने खाली बसून चढवले, पण वर पाहिलं नाही. हे त्याला फार लागलं.

तळ्यावर वारं अजिबात नव्हतं. ऊन पडलं होतं, इतकं स्वच्छ की कावळा खडक हाताशी आल्यासारखा वाटत होता. वाटभर तो वाक्य जुळवत होता. बेग्गी, मी नव्हतो. बेग्गी, तुझं तेव्हाही खरं होतं. एवढंच म्हणायचं, मग तो काय म्हणेल ते म्हणू दे, गावभर सांगू दे, माझ्या टोपीला कान शिवू दे.

खडकाच्या अलीकडे त्याने बर्फगाडी बंद केली. कानांतला इंजिनाचा आवाज ओसरला, आणि गुणगुण ऐकू आली.

बेग्गीचं गिरमिट घसरगाडीवर आडवं पडलेलं होतं. त्याची बॅटरी काढून बाजूला ठेवलेली होती.

लारुस पुढे चालू लागला. चालता चालता त्याला चुरा नसलेली भोकं दिसत गेली, एकामागून एक, सगळी एकाच रेषेत, तुटक्या कडांची. शेवटच्या भोकापाशी बेग्गी पोटावर पालथा पडला होता. गाल बर्फाला टेकलेला, तोंड खडकाकडे, उजवा हात खांद्यापर्यंत भोकात. त्याची पाठ हलत होती. आधी लारुसला वाटलं तो हुंदके देतोय, मग कळलं, तो हसतोय.

चार फूट बर्फ, लारुसच्या डोक्यात आलं. माणसाचा हात जेमतेम दोन-अडीच फूट. खालून ज्याने तो धरलाय, त्याला भोकातून वर यावं लागलं असणार.

"आला की नाही तावडीत!" बेग्गी खडकाकडे बघून ओरडत होता. "ओढा, ओढा अजून! मी काही सोडत नाही, दाजी!" मग त्याचा खांदा एकदम बर्फावर आपटला. तो पुन्हा हसला, पण हसू मध्येच तुटलं. "अहो, पुरे आता. दाजी, दोर सैल सोडा. दुखतंय."

गुणगुण थांबली.

लारुस त्याच्या मागेच उभा होता. वाटभर जुळवलेलं वाक्य त्याला आठवेना. नुसतं नाव तोंडातून आलं, तेही कुजबुजल्यासारखं.

"बेग्गी."

बेग्गीने मान वळवली. त्याने लारुसकडे पाहिलं, मग भोकात गेलेल्या स्वतःच्या हाताकडे. खडकाकडे त्याने पुन्हा पाहिलं नाही. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं, आणि तो परत लारुसकडे बघायला लागला, आणि बघतच राहिला.